जुन्या नावाचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. समोर बसलेल्या माणसाला खरं सांगायची माझी हिंमत किती आहे, ते पुढे कळेलच.

गोष्ट तशी कंटाळवाणी वाटेल. डोंबिवलीत बसून इंग्लंडमध्ये एक कंपनी रजिस्टर करायची होती. बस. कुणाचा एक रुपया खाल्ला नाही, कुणाला घराबाहेर काढलं नाही. एका फॉर्ममध्ये एक नाव लिहायचं होतं — ते लिहिलं नाही. पण असं एका दमात सांगून मी मोकळी होऊ नये. आधी वैशाली कोण ते सांगते.

मानपाड्याच्या एका एक्सपोर्ट युनिटमध्ये आम्ही दोघी कामाला होतो. कपड्यावर मशीनने एम्ब्रॉयडरी करायचं युनिट. मशीनला चित्र कळत नाही. टाका कुठून सुरू करायचा, कुठल्या दिशेने न्यायचा, किती दाट भरायचा, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर आखून द्यावं लागतं. त्याला डिजिटायझिंग म्हणतात. मी ते क्लास लावून शिकलेले. वैशाली शिकली माझ्याकडे बघून, आणि सहा महिन्यांत माझ्या पुढे गेली. मी आखलेला सिंह पुस्तकातल्या सपाट चित्रासारखा दिसायचा. तिचा सिंह बघितला की हात मागे घ्यावासा वाटायचा. आयाळीचे टाके ती तीन वेगवेगळ्या दिशांनी टाकायची. विचारलं तर म्हणायची, ‘अगं, केस काय एकाच बाजूला पडतात का?’

युनिट बंद पडलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून मानपाडा रोडलाच एक खोली घेतली. जुनी, एकाच डोक्याची, म्हणजे एका वेळी एकच कपडा भरणारी मशीन घेतली. निम्मं तिचं, निम्मं माझं. परदेशातली माणसं शाळेचे, क्लबांचे लोगो पाठवायची, आम्ही टाक्यांची फाइल करून परत पाठवायचो. इंग्रजी मेल मी लिहायचे. काम ती करायची. म्हणजे मीही करायचे — पण अवघड असेल ते तिच्याकडेच जायचं. हे मला माहीत होतं, तिलाही. भांडण कधी झालं नाही. पार्टनर होतो आम्ही.

खोलीत पार्टनर होतो.

घरी मात्र... कसं सांगू? वैशाली पहिल्यांदा आमच्याकडे आली, चहा झाला, ती गेली. मग आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईने विचारलं, ‘आडनाव काय म्हणालीस तिचं?’ मी सांगितलं. आई ‘बरं’ म्हणाली आणि कप उचलून आत गेली. बस, तेवढंच. पुढे काही बोलली नाही, वेगळा कप नाही, काही नाही. पण त्यानंतर घरात वैशालीचा विषय निघाला की मी ‘आमच्याकडची वैशाली’ म्हणायला लागले. ‘आमच्याकडची’ — ऐकायला किती गोड आहे बघा. त्यातून ती कामाला आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं, आणि मी ते समजू दिलं. आईला सुनावलं असतं तर? पण सुनावायला आई काही बोललीच कुठे होती?

आता आणखी एक गोष्ट, जी वैशालीने मला सांगितलेली. मशीनची मोटर दुरुस्तीला गेली होती, दोघी रिकाम्या बसलेलो.

तिच्या बाबांचं नाव सखाराम. पण शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी ‘सख्या’ लिहिलं. त्यांच्या वस्तीतल्या मुलांची नावं तेव्हा अशीच लिहायचे — सख्या, धोंड्या, कोंड्या. ते ‘सख्या’ मग नोकरीतही आलं, रेशन कार्डावरही आलं, म्हातारपणापर्यंत सुटलं नाही. वैशालीला शाळेत घालायला ते गेले तर तिथल्या क्लार्कनेही त्यांच्या कागदावर बघून तेच उतरवलं. ते घरी आले नाहीत. अख्खी सकाळ त्या टेबलासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. ‘साहेब, सखाराम लिहा,’ एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्या माणसाने वैतागून खोडलं आणि लिहिलं. वैशाली सखाराम.

‘बाबांचं नाव नीट लिहिलेला पहिला कागद म्हणजे माझा दाखला,’ ती म्हणाली. म्हणून लग्नानंतरही तिने नाव बदललं नाही. पॅन कार्ड, पासपोर्ट, सगळीकडे वैशाली सखाराम आणि माहेरचं आडनाव. सासरच्यांनी सगळ्यांचं एकदम काढलं तेवढं आधार कार्ड काय ते नवऱ्याच्या, मिलिंदच्या नावाने होतं. ‘असू दे एक त्याच्यासाठी,’ म्हणून हसली होती.

हे मला माहीत होतं. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं. हे लक्षात असू द्या.

तर इंग्लंड. तिथल्या एका शाळेच्या गणवेशाच्या दुकानाचं काम आम्हाला मिळालं. मालकीणबाईंना वैशालीचं काम इतकं आवडलं की वर्षभराचं सगळं काम द्यायला तयार झाल्या. फक्त त्यांना तिथल्याच कंपनीचं बिल हवं होतं. चौकशी केली तर कळलं, बाहेरच्या देशात राहणाऱ्यालाही तिथे कंपनी काढता येते. व्हिसा लागत नाही, जावं लागत नाही. तिथला एक पत्ता पाहिजे, बाकी ऑनलाइन. पत्त्याचा प्रश्न नव्हता, माझा मामा तिथे राहतो. वैशाली तर हरखूनच गेली. ‘आपलं नाव इंग्लंडच्या रजिस्टरात? कुणीही उघडून बघू शकतं?’ कुणीही बघू शकतं, मी म्हणाले. दोघींची नावं टाकायची असं ठरलं. ठरलं कसलं, वेगळं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

रविवारी दुपारी मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. फॉर्म तो तिकडून भरणार होता. आई शेजारी मटार सोलत बसलेली. मामा एकेक रकाना वाचत होता, मी सांगत होते. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग तो म्हणाला, ‘डायरेक्टर तू एकटीच, की अजून कुणी?’

आईचे हात थांबले का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की थांबले. खरं सांगू? मी बघितलंच नाही तिच्याकडे.

‘एकटीच रे मामा,’ मी म्हणाले. ‘एक वैशाली आहे, पण ती आपल्याकडे कामाला आहे.’

वैशालीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मामाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिचं नाव मीच काढलं, आणि त्याच वाक्यात मीच खोडलं. मामा ‘ओके’ म्हणाला आणि पुढच्या रकान्यावर गेला. आई मटार सोलत राहिली.

इथेच संपलं असतं तर भित्रेपणा म्हणून कदाचित तुमच्या समोर येऊन सांगता आलं असतं. पण सोमवार उजाडला. वैशाली माझ्या आधी येऊन मशीनला तेल घालत होती. मी चप्पल काढते न काढते तोच म्हणाली, ‘झाला का गं फॉर्म आपला?’

रात्रभर मी काय काय ठरवलं होतं. ‘घाईत राहिलं, आज टाकते’ म्हणायचं, असंही ठरवलेलं. ते खोटं असलं तरी निभावलं असतं. तोंडातून निघालं ते हे — ‘माझा झाला. तुझा रिजेक्ट झाला गं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पत्त्याच्या पुराव्यावर नवऱ्याचं. त्यांना जुळत नाही.’

तिने माझ्यावर एका क्षणाचासुद्धा संशय घेतला नाही. कागद परत यायची तिला सवय होती, ती उलट समजूत काढल्यासारखी म्हणाली, ‘मग आधारवर बाबांचं नाव लावून घेते. त्यात काय?’

आणि मी म्हणाले, ‘नाही चालणार. घर, लाइट बिल सगळं मिलिंदच्या नावावर आहे. त्यांना सगळीकडे नवऱ्याचंच नाव लागेल.’

का म्हणाले असेन मी असं? तेव्हा मी स्वतःलाही हे सांगितलं नव्हतं, पण आता पुरतं कळतं. आधार कार्ड तिने आठवड्यात बदलून आणलं असतं. बाबांचं नाव ती कधीच सोडणार नाही, अशी माझी खात्री होती. म्हणून तिथेच बोट ठेवलं. ती आपणहून ‘राहू दे’ म्हणेल, विषय मिटेल, मला कधी काही करावं लागणार नाही. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तिच्याच वाटेत आडवी टाकली.

तिने तेलाची बाटली बंद करून खाली ठेवली. मग म्हणाली, ‘बघते.’

आणि तिने ते सगळं केलं.

एकवीस वर्षांपूर्वी विहारात लागलेल्या लग्नाची आधी पालिकेत नोंद करायला लागली. त्याला साक्षीदार हवे होते. त्यातली एक सही माझी आहे. मग नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणायचं, मग पॅन, मग पासपोर्टसाठी ठाण्याच्या चकरा. एकदा फोटो परत आला, एकदा स्पेलिंग चुकलं. सुट्ट्या ती मला विचारून घ्यायची — निम्मी मालकीण मला विचारायची! — आणि मी मोठ्या मनाने ‘जा गं, मी बघते इथलं’ म्हणायचे. राजपत्राचा अर्ज तर मीच टाइप करून दिला. ‘जुने नाव’ आणि ‘नवीन नाव’. हे शब्द टाइप करताना बोटं थांबली नाहीत माझी.

अर्ज पाठवण्याआधी तिला आईला विचारायचं होतं. तिची आई खडवलीला एकटी राहायची, मी त्यांना मावशी म्हणायचे. ‘तू पण चल,’ वैशाली म्हणाली. ‘तुला नीट समजावता येईल.’ मी नाही म्हणू शकले असते. पण गेले.

मावशींनी आम्हाला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केलेली, वैशालीने आधीच फोन करून सांगितलेलं. जेवणं झाल्यावर वैशालीने विषय काढला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

‘मंग दुसरा काय रस्ता नाय का पोरी? तू शिकलेली हाईस. नीट बघितलंस ना?’

बघा, किती सोपं होतं. अंगणात आम्ही तिघीच होतो. माझी आई नाही, मामा नाही. मी म्हणू शकले असते की मावशी, थांबा जरा, मी परत एकदा विचारते त्यांना. तेवढ्यानेही सगळं मागे फिरलं असतं.

‘नाही मावशी,’ मी म्हणाले. ‘बघितलं मी. तिकडचे नियम फार कडक आहेत.’

त्या मान हलवत राहिल्या. मग वैशालीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘कर बाय. बाबा असते तर त्येच म्हनले असते, पोरीचं काम हुंदे.’ आणि भांडी घ्यायला उठल्या. वैशाली दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, हे मला दिसत होतं. परत येताना तिने रिक्षात माझा हात धरला होता. ‘बरं झालं तू आलीस,’ म्हणाली.

सात महिने लागले. एका दुपारी ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. लग्नाचा दाखला, राजपत्राची प्रत, नवीन पॅन, नवीन पासपोर्ट. सगळीकडे वैशाली मिलिंद. सोबत पेढे. आता माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला, कंपनीच्या नोंदीत बदल करायला लागणारा कोड माझ्याकडेच होता. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, फाइल मांडीवर.

मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते इथे सांगायला हवं. मी तो फॉर्म त्याआधी कधी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. मामाने भरलेला. कागद तपासत असतील असं मलाही वाटत होतं. म्हणजे माझं खोटं निदान खऱ्यासारखं तरी असेल, असं मी धरून चाललेले.

नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता. व्यवसायाच्या रकान्यात तिने स्वतः टाइप केलं — एम्ब्रॉयडरी डिझायनर. मग खाली आणखी एक रकाना आला. तिने स्क्रीनवर बोट ठेवून सावकाश वाचलं. पूर्वीचं नाव, असल्यास.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘इथे जुन्या नावाला जागा आहे की.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला आनंद झाला होता, हे मला आजही गिळवत नाही. ती पुढे वाकली, कीबोर्डवर हात ठेवला, सखारामचा इंग्रजी एस शोधला. तिने लिहिलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. दोन्ही नावं तिथे राहिली असती. पण मला त्या क्षणी एवढंच सुचलं, की हे जर चालत असेल, तर मी सांगितलेलं कारण खोटं ठरतं.

‘राहू दे ते,’ मी म्हणाले. ‘परत मिसमॅच दाखवेल.’ आणि तिच्या हाताखालून माऊस घेऊन पुढच्या पानावर गेले.

तिने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. शेवटचं पान आलं, मी बटण दाबलं. झालं. पाच मिनिटंही लागली नसतील. ती मांडीवरची फाइल धरून अजून वाट बघत होती.

‘कागद कुठे लावायचे?’

कुठेच लावायचे नव्हते. त्या फॉर्ममध्ये कागद लावायला जागाच नव्हती. मी नीट शोधलं, वर-खाली करून. ‘नंतर मागतात,’ मी म्हणाले.

‘अच्छा,’ ती म्हणाली, आणि फाइल पिशवीत ठेवून चेन लावली.

नंतर कुणी मागितले नाहीत.

दोन दिवसांनी मामाला ते रजिस्टरवर दिसलं. त्याचा फोन आला. ‘अरे वा, तुमच्या त्या वैशालीलाही घेतलंस का? चांगलं केलंस. काम करणाऱ्याला असं बांधून ठेवावं.’ आणि आई — आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘मग आधीच का नाही टाकलंस तिचं नाव? सगळं तीच तर करते म्हणतेस.’

माझी आई साधीसुधी होती असं मला म्हणायचं नाही. तिचा तो ‘बरं’ मी ऐकलेला आहे, तो होताच. पण त्या ‘बरं’वर मी जेवढं काही रचलं, ते माझं होतं. तिच्या नावावर खपवत होते, इतकंच. वैशालीबरोबर माझं नाव एका ओळीत आलेलं कुणी वाचेल, याची लाज मला वाटत होती. मला. रोज तिच्या डब्यातलं खाणारी मी.

आता आमच्याकडे चार मशीन आहेत, खोलीच्या जागी गाळा आहे. मावशी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या दहनाला मी खडवलीला गेलेले, सगळ्यांबरोबर उभी राहिले. वैशालीने तिथे कुणाला तरी माझी ओळख करून दिली, ‘ही माझ्या सख्ख्या बहिणीसारखी.’

मागच्या महिन्यात इंग्लंडहून मेल आला. कंपनीच्या डायरेक्टरांनी आता आपली ओळख पटवून द्यायची, पासपोर्ट दाखवायचा, असा नियम झालाय. नवीन नियम, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. वैशालीने तिचं तिनेच मोबाइलवर केलं. हल्ली इंग्रजी मेलही तीच लिहिते. मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात कात्री होती, एका कोटाच्या खिशावरचे उरलेले धागे कापत होती.

‘मीनल, एक विचारू? हे ओळखपत्र तपासणं आत्ता सुरू केलंय म्हणतात. मग तेव्हा माझा फॉर्म कसा काय परत आला होता गं?’

अकरा वर्षांनी विचारत होती. आवाज अगदी साधा. कात्री चालूच होती, पण तिची नजर धाग्यावर नव्हती.

‘तेव्हा वेगळं होतं,’ मी म्हणाले.

तिने कात्री मिटून टेबलावर ठेवली. मग ‘असेल’ म्हणाली, खिसा झटकला आणि दोन नंबरच्या मशीनची सुई बदलायला गेली.

तेव्हा वेगळं काहीच नव्हतं. तिचा फॉर्म परत आला नव्हता, तो भरलाच नव्हता. तिचे कागद कुणी नाकारले नाहीत, कुणी मागितलेच नाहीत. मी तिला कामाला असलेली बाई म्हटलं, आणि ते झाकायला तिच्याकडून तिच्या बाबांचं नाव काढून टाकवलं. एकदा नाही — तिला सांगताना, तिच्या आईला सांगताना, त्या रकान्यावरून तिचा हात बाजूला करताना. आणि मागच्या महिन्यात तिने विचारलं तेव्हा, परत एकदा.